बिननावाचं पेंडंट घड्याळ आणि त्याची ओळख पटवण्यात गेलेलं वर्ष

जुनं घड्याळ दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या कंपनीचं?" आमच्या घड्याळावर कंपनीचं नावच नव्हतं. डायलवर नाही, मागच्या झाकणावर नाही, आतल्या मशीनवरही नाही. अशा घड्याळाचं वय, धातू आणि देश कसा शोधायचा, कुणाकडे जायचं, किती खर्च येतो आणि ते परदेशी नेता येतं का, हे मला मराठीत एका जागी कुठे वाचायला मिळालं नाही. गेलं वर्षभर तुकड्यातुकड्यानं जे कळत गेलं ते इथे लिहून ठेवते आहे. कुणाच्या कपाटात असं एखादं घड्याळ पडून असेल तर त्यांना उपयोग होईल.

घड्याळ माझ्या नवऱ्याच्या पणजीचं. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून ते एका पितळी डबीत, लाल मखमलीच्या चिंधीत गुंडाळलेलं होतं. गेल्या जानेवारीत नणंदेनं कॅनडाहून फोनवर विचारलं, "वहिनी, डिसेंबरात येईन तेव्हा पणजीचं घड्याळ मी घेऊन जाऊ का?" सासूबाईंची ना नव्हती, माझीही नव्हती. पण एवढी जुनी वस्तू विमानतळावरून अशीच नेता येते का, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय घरात दोन मतं होती. सासूबाईंनी ऐकलं होतं की ते सोन्याचं आहे आणि विलायतेहून आलंय. सासरे म्हणायचे, मुंबईतच फोर्टात घेतलेलं. आमच्याकडे पणजीचा एक फोटो आहे, नऊवारी, पूर्ण बाह्यांचं पोलकं आणि डाव्या खांद्याशी बो (घड्याळ लटकवायची, फितीच्या गाठीच्या आकाराची पिन) टाचलेला, त्याखाली हे घड्याळ. फोटोमागे साल नाही.

सुरुवात घरीच केली. कुठलंही जुनं घड्याळ हातात आलं की लगेच पुसायला, घासायला घेऊ नका, ही माझी पहिली विनवणी. आपल्याकडे चांदी म्हटली की चिंच आणि रांगोळी बाहेर येते. त्यानं भांडी लखलखतात, पण घड्याळाच्या पाठीवरचं नाजूक कोरीवकाम त्यात झिजून जातं आणि ज्या शिक्क्यांवरून वय कळणार तेही पुसट होतात. तेल तर अजिबात घालू नका. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घातलेली घड्याळं मी नंतर पाहिली, आत चिकट काळा थर झालेला असतो. मी फक्त कोरड्या मऊ कापडानं धूळ टिपली आणि मोबाइलनं सगळ्या बाजूंनी फोटो काढले. खिडकीशी, उन्हाच्या तिरपीत, फ्लॅश बंद ठेवून. तिरप्या उजेडात कोरलेली अक्षरं उठून दिसतात.

घड्याळाचा व्यास साधारण तीस मिलिमीटर. पांढरी मिन्याची डायल, रोमन आकडे, त्यांच्या बाहेरच्या कडेला सोनेरी ठिपके, काटे नक्षीदार आणि पिवळे. सातच्या आकड्याजवळून कडेपर्यंत एक केसासारखी बारीक चीर. पाठीवर फुलापानांचं कोरीवकाम आणि मधे एक रिकामी ढाल, जिच्यात मालकिणीची आद्याक्षरं कोरून घ्यायची असत. आमची ढाल कोरीच राहिली होती. बाकी केस, म्हणजे घड्याळाची धातूची डबी, पांढरट, पण कडा मात्र पिवळ्याधमक.

मागचं झाकण उघडताना नवऱ्यानं सुरी पुढे केली, ती मी बाजूला ठेवली. अशा केसच्या कडेला एक बारीकशी ओठासारखी जागा असते, तिथे नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हलकेच उचललं की झाकण उघडतं. आत आणखी एक झाकण निघालं, साधं, गुळगुळीत, आणि त्यावर वळणदार अक्षरांत फ्रेंचमध्ये कोरलेलं: 'रेमोंत्वार', 'सिलँद्र', '१० रुबी', आणि एका बाजूला छोट्या अक्षरांत 'गालोने'.

या चार शब्दांनी घड्याळाची अर्धी माहिती दिली. रेमोंत्वार म्हणजे वरच्या बटणानं चावी देता येणारं. त्याआधीची घड्याळं वेगळ्या किल्लीनं भरावी लागत आणि त्यांच्या आतल्या झाकणाला किल्लीसाठी भोकं असत. आमच्या झाकणाला भोकं नव्हती. सिलँद्र म्हणजे सिलिंडर पद्धतीचं मशीन, त्याबद्दल पुढे लिहिते. दहा रुबी म्हणजे दहा माणकांचे बेअरिंग. आणि गालोने म्हणजे कडेला सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची केस. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "बघ, म्हणजे सोनं आहेच की, कडेला का होईना." मला ते फार पटलं. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलेलं अगदीच हवेतलं नव्हतं.

मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शिक्के होते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग मी साडेतीनशे रुपयांना घेतलं. या छंदात सर्वांत आधी घ्यायची वस्तू तीच. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि घड्याळ पुढे-मागे करत नेमका फोकस शोधायचा. ०.८०० हा आकडा स्पष्ट दिसला. त्याच्याशेजारी एक पक्षी, मान उंचावलेला, शेपूट पसरलेला, जेमतेम तिळाएवढा. तो दिसला त्या संध्याकाळी मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून भिंगातून दाखवला.

हा पक्षी रानकोंबड्याच्या जातीचा, आणि तो स्वित्झर्लंडचा सरकारी शिक्का आहे. स्विस सरकारनं २३ डिसेंबर १८८० रोजी घड्याळांच्या केसमधल्या सोन्याचांदीची शुद्धता तपासण्याचा कायदा केला आणि १८८२ पासून हे शिक्के उमटू लागले. अठरा कॅरट सोन्याला हेल्वेशिया देवीचं मुखवट्यासारखं डोकं, चौदा कॅरटला खार, ८७५ टंचाच्या (हजारात ८७५ भाग शुद्ध) चांदीला अस्वल आणि ८०० टंचाला हा रानकोंबडा. म्हणजे देश ठरला आणि वयाची एक बाजूही ठरली: १८८२च्या आधीचं नाही.

जे शिक्के नाहीत तेही बोलतात, हे मला याच टप्प्यावर कळलं. १ जून १९०७ नंतर ब्रिटनमध्ये आयात झालेल्या परदेशी सोन्याचांदीच्या केसवर तिथल्या तपासणी कार्यालयाचा आयात-शिक्का असायला हवा. आमच्या घड्याळावर तो नव्हता. फ्रान्समध्ये १८९३ पासून बाहेरून आलेल्या सोन्याच्या घड्याळावर घुबडाचा आणि चांदीच्या घड्याळावर हंसाचा शिक्का मारत. तोही नव्हता. म्हणजे घड्याळ बहुधा या दोन देशांच्या बाजारातून न फिरता इकडे आलं असावं, आणि सासऱ्यांचं 'फोर्टात घेतलेलं' हे म्हणणं वजनदार वाटू लागलं. त्या काळी मुंबईत स्विस घड्याळांचा मोठा व्यापार होताच. फाव्र-लुबा या स्विस घड्याळ कंपनीचे लोक १८६५मध्ये इथे आले होते आणि वेस्ट एन्ड वॉच कंपनी तर १८८६मध्ये मुंबईतच सुरू झाली. आमचं घड्याळ यांपैकी कुणाकडून आलं असं म्हणायला काही आधार नाही. या कंपन्या आपलं नाव डायलवर घालत. पण स्विस घड्याळ घ्यायला फोर्टाबाहेर जायची गरज नव्हती, एवढं नक्की.

तुमच्या घड्याळाच्या मशीनवर नाव असेल तर काम बरंच सोपं होतं. एल्जिन किंवा वॉल्थॅम या अमेरिकन कंपन्यांच्या मशीनवरच्या क्रमांकावरून बनावटीचं साल काढता येतं, त्याचे तक्ते उपलब्ध आहेत. मात्र क्रमांक मशीनवरचा बघायचा. केस बहुतेकदा दुसऱ्याच कारखान्यात बनायची, तिचा क्रमांक वेगळा असतो. लाँजिन या स्विस कंपनीकडे सें-इमिए गावी १८६७ पासूनच्या नोंदवह्या आहेत, क्रमांक आणि फोटो पाठवून विचारता येतं. आमच्यासारख्या बिननावाच्या घड्याळासाठी असा कुणाचाच दरवाजा नसतो. तिथे शिक्के, बनावट आणि झिजेच्या खुणा एवढंच हाती राहतं. आणि खरं सांगते, मला त्यातच जास्त मजा आली.

फेब्रुवारीत धातूची खात्री करून घेतली. आधी आमच्या नेहमीच्या सराफांकडे नेलं. त्यांनी हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "चांदी आहे, पण टंच कमी आहे. मोडीत फार येणार नाही." मोडीत घालायचा प्रश्न नव्हता. कसोटीवर घासतो म्हणाले त्याला मी नको म्हटलं. त्यांनीच मग हॉलमार्किंग केंद्राचा रस्ता दाखवला. तिथे एक्सआरएफ यंत्रावर वस्तू ठेवतात, क्ष-किरणांनी धातूचं प्रमाण कळतं, ओरखडाही येत नाही. नाव, पत्ता आणि ओळखपत्र देऊन फॉर्म भरला, दोनशे रुपये अधिक जीएसटी अशी पावती झाली, अर्ध्या तासात छापील कागद मिळाला. चांदी ऐंशी टक्क्यांच्या किंचित वर. शिक्का खरा होता. एक लक्षात ठेवा, हे यंत्र वरचा थर वाचतं. मुलामा असलेल्या जागी ठेवलं तर आकडे भलतेच येतात. म्हणून आतलं साधं झाकण पुढे करा आणि कुठल्या जागी तपासलं तेही कागदावर लिहून मागा.

आता मशीन. घड्याळ बंद होतं. जवळच्या एका दुकानात दाखवलं तर ते म्हणाले, "ताई, हे मशीन आता कुणी करत नाही. आत बॅटरीचं बसवून देतो, आठशे रुपये." हा सल्ला तुम्हालाही मिळेल, आणि बोलणारा आपल्या परीनं मदतच करत असतो. पण शंभर वर्षांचं मशीन काढून टाकलं की उरते ती फक्त चांदीची डबी. घड्याळ परत घ्या आणि जुनी चावीची घड्याळं करणारा माणूस शोधा. एप्रिल उजाडला, पण मला तसे एक कारागीर फोर्टातल्या एका गल्लीत सापडले. सत्तरी ओलांडलेले, जिन्याखालच्या जागेत एक टेबल, काचेच्या उपड्या वाट्यांखाली सुटे केलेले भाग.

त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, मग भिंग डोळ्यात अडकवून मशीन पाहिलं. "सिलिंडर आहे. ज्यानं शेवटचं उघडलं त्यानं नीट बंद केलंय." मला त्यांनी शेजारी स्टुलावर बसवून दाखवलं. नेहमीच्या लिव्हर घड्याळात चाक आणि बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं गोल चक्र) यांच्या मधे एक छोटा काटा असतो, तो क्षणभर टोला देतो आणि बाजूला होतो. सिलिंडरमध्ये तो मधला काटा नाही. बॅलन्सच्या दांड्याच्या जागीच एक पोकळ नळी असते, एका बाजूनं कापलेली, आणि चाकाचे दात त्या नळीत शिरतात, थांबतात, बाहेर पडतात. दात सतत घासत राहतात, म्हणून झीज जास्त आणि वेळेचा नेमकेपणा कमी. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहमनं १७२६च्या सुमाराला ही पद्धत पक्की केली. पुढे लिव्हर आलं तरी स्विस आणि फ्रेंच कारखाने बायकांच्या छोट्या घड्याळांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सिलिंडर वापरत राहिले, कारण ते पातळ होतं आणि स्वस्तात व्हायचं. भिंगातून ते चाक पाहिलं तर प्रत्येक दात एका इवल्याशा खांबावर उभा होता. उघड्या डोळ्यांना ते चाक म्हणजे नुसता पिवळा ठिपका.

बटणाच्या बाजूला, एकच्या आकड्याजवळ, केसमधून एक छोटा खिळा बाहेर आलेला होता. आम्हाला घरी तो कशासाठी हे कळलं नव्हतं. तो नखानं दाबून धरायचा आणि मग बटण फिरवलं की काटे फिरतात. सोडला की बटण पुन्हा चावी देतं. "लोक बटण ओढतात आणि दांडा तोडून आणतात," कारागीर म्हणाले. तेव्हा जुन्या घड्याळाचं बटण ओढण्याआधी शेजारी असा खिळा आहे का ते बघा.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र त्यांनी झाकण परत करताना दाखवली. शिक्क्यांच्या खाली सुईनं ओरखडल्यासारख्या रेघा होत्या. मी त्या झीज म्हणून सोडून दिल्या होत्या. त्यांनी झाकण दिव्याखाली तिरकं केलं आणि रेघांचे आकडे झाले. एका हाताचे '६-१४'. त्याखाली वेगळ्या हाताचे '१-१९'. कडेला '८-२७' आणि पुढे एक अक्षर. "हे आमच्या धंद्याचं रजिस्टर, ताई. काम केलं की आत खूण करायची. कागद हरवतो." पहिला आकडा कुठेच बाराच्या वर नाही, दुसरा चढत गेलेला, हात वेगवेगळे: महिना आणि साल. म्हणजे जून १९१४मध्ये हे घड्याळ कुणीतरी दुरुस्तीला उघडलं होतं. एका बाजूला १८८२, दुसऱ्या बाजूला १९१४. काट्यांचा घाट, तो खिळा, सिलिंडर मशीन हे सगळं पाहून कारागिरांचा अंदाज १८९० ते १९१० असा पडला, आणि पणजीच्या फोटोतल्या वयाशी तो जुळतो.

मी त्या टेबलाशी बसून राहिले. ज्यांचं नावगाव कळणार नाही अशा तीन माणसांनी हे मशीन उघडून, साफ करून, पुन्हा चालतं करून दिलं होतं, आणि पणजी दर काही वर्षांनी ते नेऊन देत होती. घड्याळ ती रोज वापरायची तर! घरात कुणी हे कधी सांगितलं नव्हतं.

ओव्हरहॉलिंगचे साडेतीन हजार, मुख्य स्प्रिंग थकली होती तिचे आठशे, काच बदलायची नाही असं ठरलं. डायलवरची चीरही तशीच ठेवली. मिना भाजून केलेला असतो, वरून भरलेली चीर वर्षभरात पिवळी पडते. जुळती स्प्रिंग जुन्या साठ्यातून शोधावी लागली, त्यामुळे वायदा तीन आठवड्यांचा होता तो जूनच्या मध्यापर्यंत लांबला. या कामात घाई करू नका, आणि देताना मशीनचा, केसचा व डायलचा फोटो काढून पावतीवर केसचा क्रमांक लिहून घ्या. विश्वास नाही म्हणून नव्हे, पुढे तोच कागद घड्याळाच्या इतिहासात जमा होतो म्हणून. मी त्यांना झाकणावर खूण करा म्हटलं, तर म्हणाले आता करत नाही, ग्राहकांना आवडत नाही. त्यांनी तारखेची चिठ्ठी दिली, ती डबीत आहे.

आता कागदपत्रांचा भाग. वय शंभरच्या वर ठरल्यामुळे परदेशी नेण्याचा प्रश्न कठीण झाला होता. आपल्याकडे १९७२चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे, तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थेलाच आहे. खासगी माणसाला नाही. सामानातून नाही आणि कुरिअरनंही नाही. शंभरच्या आतली पण जुनी दिसणारी वस्तू न्यायची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला काढता येतो.

हे वाचलं होतं, तरी खात्री करून घ्यावी म्हणून जुलैत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला ईमेल केला. सोबत फोटो, मापं, शिक्क्यांचं वर्णन, टंचाचा कागद आणि घड्याळ घरात कसं आलं याचं अर्ध्या पानाचं निवेदन जोडलं. उत्तर यायला दोनेक आठवडे लागले, मग भेट ठरली. कार्यालय सायनच्या किल्ल्यापाशी आहे. भर पावसात डबी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून नेली. अधिकाऱ्यांनी शांतपणे पाहिलं, ते १९१४चे आकडे मी दाखवल्यावर भिंग मागून घेतलं. म्हणाले, तुम्हीच एवढा पुरावा आणलाय, शंभर वर्षांच्या आतलं असा दाखला याला कसा मिळेल? घरी ठेवायला काही नोंदणी लागते का, हेही विचारलं. सक्तीची नोंदणी शिल्पं, चित्रं, हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांना आहे, घड्याळं त्यात येत नाहीत. पुरावस्तूंच्या खरेदीविक्रीचा धंदा करायचा असेल तर मात्र परवाना लागतो.

कुणाला अशा भेटीला जायचं असेल तर फोटोंच्या छापील प्रती न्या, मोबाइलमधल्या चालत नाहीत. पाठपोट दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेल्या. ओळखपत्राची प्रत न्या. आणि विमानाच्या तारखेच्या आधी निदान दोन महिने हातात ठेवा.

नणंदेला फोनवर हे सांगणं जड गेलं. "वहिनी, आपल्याच घरची वस्तू. कुठल्या देवळातली मूर्ती थोडीच आहे?" तिचं दुःख खरं होतं. मला मात्र कायदा पटतो. छोट्या वस्तूंना वाट मोकळी केली की त्याच वाटेनं मोठ्याही जातात, आणि या देशातून काय काय गेलं हे आपल्याला माहीत आहे. आमचं घड्याळ स्विस असलं तरी ते वापरलं गेलं इथे, त्याची दुरुस्तीही बहुधा इथेच झाली. त्या तीन ओरखड्यांना अर्थ मिळाला तोही फोर्टातल्या त्या गल्लीत. मी तिला सगळे फोटो, टंचाचा कागद आणि चार पानांची टिपणं पाठवली. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, "राहू दे तिकडेच. पण आले की मीच घालणार."

या सगळ्यात मला घड्याळांचा नाद लागला तो लागलाच. सप्टेंबरपासून चोरबाजारात, मटण स्ट्रीटला जायला लागले, पुण्याला गेले की रविवारचा जुना बाजार. तिथे 'अँटिक पेंडंट वॉच' म्हणून ढिगानं मिळतात ती बहुतेक नवी असतात. तांबूस काळपट रंग, पातळ साखळी, झाकणावर घुबड किंवा रेल्वे इंजिन, आत बॅटरी. सेकंद काटा टक्‌टक् उड्या मारत चालला की ओळखावं. डायल छापील असते, भिंगाखाली ठिपके दिसतात. खऱ्या मिन्यावर प्रकाश काचेसारखा सरकतो. दोनशे रुपयांत हौसेनं घ्यायला हरकत नाही, दोन हजारांत नको. मनगटी घड्याळांत दुसरी अडचण आहे, जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल. लाल, निळी, झगमगीत, नाव मोठ्या कंपनीचं. अक्षरांच्या कडा भिंगातून फाटलेल्या दिसल्या की ती नंतर रंगवलेली समजा.

माझी पहिली खरेदी एक मेलेलं सिलिंडर मशीन, दीडशे रुपयांचं, केस नाही, काटे नाहीत. ते मी घरी सुटं करते आणि जोडते, आणि आमच्या घड्याळात काय चाललंय ते त्यावरून समजून घेते. दुसरी एचएमटी 'जनता', चावीची, सतरा ज्युएल, मूळ डायल असलेली, बाराशे रुपयांना. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि एका पिढीच्या मनगटावर हीच घड्याळं होती. नव्यानं गोळा करणाऱ्यांना मी यांपासूनच सुरुवात करा म्हणेन. सुटे भाग मिळतात, दुरुस्ती येणारी माणसं आहेत, आणि पाचशे-हजार इकडेतिकडे झाले तरी झोप उडत नाही. माझा नियम एवढाच, ज्याचं मागचं झाकण विकणारा उघडून दाखवत नाही ते घ्यायचं नाही.

डिसेंबरात नणंद आली. भाच्याच्या मुंजीत तिनं पैठणीवर ते घड्याळ लावलं, फोटोत पणजीनं लावलंय तसंच, डाव्या खांद्याशी. दिवसाला सहा-सात मिनिटं मागे पडतं. कारागीर म्हणाले सिलिंडरसाठी हे उत्तम आहे, आणखी नेमकं करायच्या मागे लागू नका. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायची, बटण जड लागलं की थांबायचं. वापर नसेल तेव्हा महिन्यातून एकदा भरून चालू द्यायचं. आणि बोची पिन जरीच्या काठात कधी टोचू नका, जर तुटते आणि घड्याळाच्या वजनानं कापडही ओढलं जातं. पदराच्या घडीखालून ब्लाउजच्या कापडासकट अस्तरात घ्यायची, आत सुती कापडाचा छोटा तुकडा ठेवून. सासूबाईंनी तशीच लावून दिली होती, दिवसभर हलली नाही.